तिसऱ्या मेळाव्याला जावं का?

प्रश्न: विक्रोळीत आम्ही अकराजणी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतो. सामाजिक उद्योजकांच्या मेळाव्यांना दोनदा गेले. दोन्ही वेळा दिवस बुडाला, हाती वीसेक व्हिजिटिंग कार्डं आली, ऑर्डर एकही नाही. आता तिसरं बोलावणं आलंय. जावं का? तिथे भेटलेला गोवंडीचा एक गट आमचे भाव विचारतोय. सांगावेत का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर: ताई, तसली कार्डं माझ्याकडेही आहेत, मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली. त्यांतल्या एकाचाही कधी फोन आला नाही. मीही केला नाही म्हणा.

मला उपयोग झाला तो चहाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईचा. धारावीत कापडी पॅड शिवून घेणारी. तिनं न विचारता माझी पिशवी उलटी केली, आतली शिवण बघितली आणि म्हणाली, "ओव्हरलॉक बाहेरून करून घेता ना? नगाला किती देता?" (ओव्हरलॉक म्हणजे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून घालतात ती शिवण.) मला रागच आला, पण आकडा सांगितला. ती माझ्यापेक्षा दीड रुपया कमी देत होती. पुढच्या सोमवारी मी तिच्या ओव्हरलॉकवाल्याकडे हजर.

त्याच वर्षी एका कंपनीनं दिवाळीला वाटायला आठशे पिशव्या नेल्या. होळी आली तरी पैसे नाहीत. मी फोन करून करून थकले. धारावीवालीनं विचारलं, "उद्यम नोंदणी आहे का?" छोट्या धंद्याची ही सरकारी नोंदणी माझी होती, कर्जासाठी केलेली. तिचा आणखी काय उपयोग असतो हे मला कुठे ठाऊक! 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचा माल घेणाऱ्यानं, करारात काहीही लिहिलेलं असो, जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला की चक्रवाढ व्याज. मी कायद्याचं नाव घालून चार ओळींचं पत्र दिलं, नवव्या दिवशी पैसे जमा. व्याज नाही मिळालं. मागायचा धीर झाला नाही, ही माझीच चूक. तुमची उद्यम नोंदणी नसेल तर पुढचा माल द्यायच्या आधी करून घ्या.

अशा मेळाव्यांत आपण सगळे देणगीदारांकडे बघत बसतो आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईला विसरतो. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका आठवा. 1984 मध्ये त्यांच्यासोबत काम करणारी 'स्पार्क' संस्था सुरू झाली, पुढे या बायकांच्या बचतगटांचं 'महिला मिलन' आणि झोपडपट्टीवासीयांचं राष्ट्रीय फेडरेशन यांच्याशी तिची जोडी जमली. बचत बायका सांभाळायच्या, आणि एका वस्तीतल्या बायका दुसऱ्या वस्तीत जाऊन आपल्याला जमलेलं दाखवायच्या. स्वतःच्या हातानं काम केलेलीच बाई शिकवायला आली की समोरची लगेच ऐकते.

आता गोवंडीचं. कापड कुठून घेता, ओव्हरलॉकला काय पडतं, मजुरी किती, हे खुशाल सांगा. चालू कोटेशनचा आकडा मात्र पोटात ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक तुम्हा दोघींना एकमेकींचे भाव ऐकवून खाली आणतं. त्यांच्याशी ओळख हवीच, कारण उद्या दोन हजार पिशव्यांची ऑर्डर आली तर अकराजणी कुठवर पुऱ्या पडाल? वाटून घ्या, पण आधी एक नमुना शिवून दोघींकडे ठेवा आणि माल परत आला तर खर्च कुणाचा, ते लिहून काढा. आम्ही नाही लिहिलं. धारावीवालीकडच्या पिशव्यांचे बंद दोन इंचांनी आखूड निघाले, एकशे चाळीस नग परत आले. महिनाभर अबोला होता.

तेव्हा जा, पण सकाळची भाषणं सोडा. अर्धा दिवस मशीनवर काढून जेवणाच्या वेळेला पोहोचा. दोन पिशव्या न्या, त्यांतली एक उलटी करून. आणि पोटात काहीतरी ढकलून निघा, तिथलं जेवण कधीच वेळेवर येत नाही.