वयात येणाऱ्या मुलांना हे शिकवावे का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आणि मुलगी सातवीत आहे. मुलांसाठी लैंगिक शिक्षणाचे तास घेणार असल्याचे शाळेने पालकसभेत सांगितले. सासूबाई आणि यजमान म्हणतात, जे डोक्यात नाही ते शाळेनेच घातले तर मुले नको ते करून बसतील. या भीतीत तथ्य आहे का?
— एक आई, माजलगाव तालुका

उत्तर : ताई, ही भीती केवळ आपल्या घरातली नाही, २००७ साली याच विरोधापायी महाराष्ट्रात शालेय किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखला गेला होता. परंतु ती आता पुष्कळ तपासली गेली आहे. युनेस्कोच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेसाठी अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा अशा शिक्षणामुळे शरीरसंबंध लवकर सुरू होतात असे दिसले नाही. काही ठिकाणी ते लांबले, आणि ज्यांचे सुरू झाले होते त्यांच्यात निरोधचा वापर वाढला. याउलट, लग्नापर्यंत संयम पाळा एवढेच शिकवणाऱ्या अमेरिकेतील चार कार्यक्रमांच्या २००७ च्या अहवालात, तासांना बसलेल्या आणि न बसलेल्या मुलांचे पहिल्या संबंधाचे सरासरी वय सारखेच, म्हणजे १४.९ वर्षे, निघाले. अर्थात, बाई धडा घाईने उरकतात असा एखादा तास झाला, तर त्याचा बरावाईट कोणताच परिणाम होणार नाही.

आपल्या भागात मला दुसरीच काळजी वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के होत्या, तर परभणी आणि बीड जिल्ह्यांत ४० टक्क्यांहून अधिक. ऊसतोडीला निघताना वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून जिला उजवून टाकतात, तिचे शरीरसंबंध हळद लागल्यावरच सुरू होतात आणि दिवस कसे राहतात हे तिला कोणी सांगितलेले नसते. अठराच्या आतील पत्नीशी संबंध हा बलात्कारच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, हेही तिच्या घरी सहसा ठाऊक नसते.

यजमानांना एवढेच विचारा की, मुलाच्या हाती मोबाइल आहे का. असेल, तर शिकवणी तिकडे सुरू झाली असण्याचीच शक्यता अधिक. शाळेलाही विचारा की, हे तास किती महिने चालणार आहेत, आणि मुलींना पाळीविषयी सांगताना मुलांना मैदानावर तर पाठवणार नाहीत ना.