कोटेशनचा कागद त्यांच्याकडे फिरव

अगं, तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला. गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला लागून थोडे दिवस झालेत आणि तुला आत्ताच वाटायला लागलंय की येणारा प्रत्येक माणूस आपल्याला लुटारू समजूनच आत पाऊल टाकतो, काही सांगायला गेलं की ‘ते राहू दे, शेवटचं किती ते बोला’ म्हणतो. राग येणारच. पण हा संशय तुझ्यावर नाहीये गं, तुझ्या आधी त्या खुर्चीत जे बसले त्यांनी तो कमावून ठेवलाय, आणि तो जगभर आहे. अमेरिकेत तर 1958 साली कायदाच करावा लागला की नवीन गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत, प्रत्येक जादा फिटिंगचे पैसे, वाहतुकीचा खर्च हे सगळं छापून चिकटवलंच पाहिजे. सिनेटर माईक मनरोनी यांनी तो कायदा आणला म्हणून त्या कागदाला आजही मनरोनी स्टिकर म्हणतात.

बरं, स्टिकर लागला म्हणून घासाघीस काही थांबली नाही. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या दोघांचा 1995 सालचा अभ्यास आहे, त्यांनी शिकागोच्या आसपासच्या डीलरांकडे माणसं पाठवली, सगळ्यांना एकच पद्धत शिकवलेली, काय बोलायचं कसं भाव करायचा सगळं सारखं, तरी गोऱ्या पुरुषांना कमी किंमत सांगितली गेली आणि बायकांना, काळ्या लोकांना जास्त. चेहरा बघून भाव. तू स्वतः मुलगी आहेस, तुला हे मी वेगळं समजवायला नको. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो की जी गाडी चालवणार आहे तिच्याशी बोल. नवरा-बायको येतात, गाडी बाई चालवणार असते, सीटची उंची तिला बघायची असते, आणि आपला सेल्सवाला मायलेजपासून लोनपर्यंत सगळं नवऱ्याकडे बघून सांगत राहतो. ती बाई गप्प बसते, घरी जाते आणि गाडी दुसरीकडून घेते. सेल गेल्याचं कारण त्या सेल्सवाल्याला कधी कळतच नाही.

आता पैशाचं. नवीन गाडीच्या किमतीत शोरूमला तसं फार सुटत नाही, खरी कमाई लोन, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, जुनी गाडी एक्स्चेंजला घेणं आणि पुढची सर्व्हिसिंग यात असते, हे तुला आत्तापर्यंत दिसलंच असेल. कस्टमरला हे माहीत नसतं. तो किमतीवर तास-दीड तास भांडतो, थोडेफार कमी करून घेतो, जिंकल्याच्या आनंदात फायनान्सच्या टेबलवर जाऊन बसतो आणि तिथे दहा मिनिटांत सगळं परत देऊन येतो. घरी गेल्यावर कोणीतरी हिशोब करून दाखवतं. मग पुढच्या वेळी तो जसा वागतो त्याचीच तक्रार तू मला लिहिली आहेस.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हप्त्यात. ‘महिन्याला किती जमेल सर?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारायला तुला शिकवलं असेल, तो विचारू नकोस. एकदा माणूस हप्त्यावर बोलायला लागला की किंमत, व्याजदर आणि मुदत तिन्ही त्याच्या नजरेआड जातात आणि त्यातलं काहीही हलवता येतं. हा हिशोब कागदावर करून बघ, 1 लाखाचं कर्ज, 9 टक्के दर, 5 वर्षं, हप्ता येतो साधारण 2,076 आणि एकूण व्याज जातं 24,500 च्या आसपास. तेच 7 वर्षांना केलं की हप्ता 1,609 वर येतो, ऐकायला किती छान वाटतं, पण व्याज होतं 35,000 च्या वर. मुदत वाढवणं चूक नाही, एखाद्याला खरंच तेवढाच हप्ता झेपतो. पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखव आणि मग त्याला ठरवू दे. आधी किंमत पक्की, मग जुन्या गाडीचे किती ते वेगळं, मग लोन. जुन्या गाडीचे जास्त दिल्यासारखं दाखवून नवीनवरचा डिस्काउंट खायचा हा प्रकार जुना आहे, तुझ्या कागदावर तरी या दोन रकमा एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

आणि तो कागद कॉम्प्युटरमागे ठेवून स्वतःशी पुटपुटत आकडेमोड करू नकोस, त्यांच्याकडे फिरव. पेनने एकेक ओळ दाखवत जा, ही गाडीची किंमत, हा टॅक्स, हे रजिस्ट्रेशन, हा इन्शुरन्स, ही प्रोसेसिंग फी, या ॲक्सेसरीज. जे ऐच्छिक आहे तिथे थांबून स्पष्ट सांग की हे नको असेल तर काढता येतं. मॅनेजर चिडेल, इन्सेंटिव्ह त्याच ओळींवर असतं, तुझंही थोडं जाईल. मला माहीत आहे पहिल्या महिन्यांत ते परवडत नाही. तरीही सांगतोय, कारण सगळं माहीत असून ज्याने वाढीव वॉरंटी घेतली तो नंतर भांडायला येत नाही, आणि ज्याच्या गळ्यात ती न सांगता घातली तो आपल्या सगळ्या नातेवाइकांना तुझं नाव सांगतो.

कस्टमरही खोटं बोलतात, बोलतातच. ‘पलीकडच्या शोरूमने याहून कमी सांगितलंय.’ तेव्हा तोंड वाकडं न करता म्हण, दाखवा ना, आपण दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू. बऱ्याचदा व्हेरियंट वेगळं निघतं, किंवा इन्शुरन्समध्ये काहीतरी कमी असतं, किंवा गाडी मागच्या वर्षी बनलेली असते. उभा स्टॉक शोरूमने बहुतेक कर्जावरच घेतलेला असतो, त्यावर व्याज चढत असतं, म्हणून जुन्या स्टॉकवरची सूट खरी असू शकते, ते मान्य करायला लाजायचं नाही. आणि त्यांचा भाव खरंच चांगला असेल तर तसं सांगून मोकळी हो. ‘आज बुक केलं नाही तर ऑफर जाईल’ हे वाक्य ऑफरची तारीख छापील कागदावर असेल तरच वापर.

एक मात्र लक्षात ठेव, हे वागणं दोन्हीकडून बदलत असतं. 2021 ला गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप्स मिळेनात म्हणून गाड्यांचा तुटवडा झाला, तेव्हा अमेरिकेत कितीतरी डीलरांनी स्टिकरच्या वर पैसे लावले, घ्यायची तर घ्या. स्टॉक साठला की तोच माज गिऱ्हाईक दाखवतं. अशा वेळी कोणी अरे-तुरे करायला लागलं, अंगावर ओरडायला लागलं तर ते ऐकून घेणं तुझ्या पगारात बसत नाही, उठायचं, सीनियरला बोलवायचं, परत त्या टेबलवर जायचं नाही. भाव करणं हा त्यांचा हक्क आहे, अपमान करणं नाही.

या आठवड्यात एक काम कर. तुमच्या शोरूमचं एक कोरं कोटेशन घे आणि सुट्टीच्या दिवशी मला फोन करून प्रत्येक ओळ मी गिऱ्हाईक आहे असं समजून सांग. ज्या ओळीवर अडखळशील तिच्यावर खूण कर आणि ती कशासाठी लावतात, कोणाला जाते, काढता येते का, हे सोमवारी मॅनेजरला विचार. त्याने काय उत्तर दिलं ते मला कळव.