कॅन्सरचे शेक (रेडिएशन) : कोणाला 30, कोणाला 20, कोणाला दोनच, असं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझ्या बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, नॉन-स्मॉल सेल प्रकारचा, तिसरी स्टेज. ऑपरेशन होणार नाही म्हणाले, 30 शेक आणि सोबत किमो सांगितलीय. इंग्लंडचा मावसभाऊ म्हणतो तिकडे 20 मध्येच संपवतात, आणि आमच्या वाड्यावरच्या एका काकांना तर दोनच शेक दिले, तेही आठवड्याच्या अंतराने. मग बाबांनाच सहा आठवडे रोज बांबोळीच्या हॉस्पिटलात का? मध्ये चवथ येते, बाबा म्हणतात पाच दिवस गणपतीला घरी राहतो, नंतर पुढचे घेतो. चालेल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : चवथीचं आधी सांगते. पाच दिवस बंद ठेवू नका प्लीज. ट्रीटमेंट सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त जोरात वाढायला लागतात, म्हणजे सुट्टी आपण घेतो पण त्या घेत नाहीत. वेळेला किती किंमत आहे ते ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात दिसलं, तिथे काही पेशंटना रोज तीन असे 36 शेक सलग 12 दिवसांत दिले, शनिवार-रविवार पण सोडला नाही, आणि बाकीच्यांना नेहमीसारखे सहा आठवडे. एकूण डोस 54 ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं माप), म्हणजे नेहमीच्या 60 पेक्षा कमीच, तरी दोन वर्षांनी जिवंत असलेले 29 टक्के होते, सहा आठवडेवाल्यांत 20 टक्के. त्या पेशंटना शेकासोबत किमो नव्हती, आणि रोज तीनदा मशीन चालवणं बहुतेक ठिकाणी जमत नाही म्हणून ती पद्धत फार पसरली नाही, पण उगाच लांबवू नये एवढं त्यातून नक्की कळतं. चवथीला डिपार्टमेंटच बंद असेल तर तो दिवस कसा भरून काढणार ते आत्ताच विचारा, शनिवारी घेतात किंवा एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन देतात. आरतीला बाबा संध्याकाळी घरी असतीलच की.

आता आकड्यांचं. बाबांचे 30 म्हणजे बहुतेक रोज 2 ग्रे, एकूण 60. मावसभाऊ सांगतो ते 20 शेकात 55 ग्रे, रोजचे पावणेतीन. ते खरंच चांगलं शेड्यूल आहे, आणि ज्यांना किमो एकत्र झेपणार नाही किंवा आधीच झालीय त्यांना खास करून देतात. पण रोजचा डोस मोठा झाला की अन्ननलिका, मोठ्या श्वासनळ्या यांना जास्त सोसावं लागतं, त्यात त्याच दिवसांत किमो, म्हणून गाठ कुठे आहे ते बघूनच ठरवतात. आणि उलटं, जास्त दिले तर जास्त बरं असंही नाही हां. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये किमोसोबत 60 ऐवजी 74 ग्रे देऊन बघितले, 2015 मध्ये रिझल्ट छापून आले, तर 74 वाल्यांचं सरासरी आयुष्य 20 महिने आणि 60 वाल्यांचं जवळजवळ 29.

वाड्यावरच्या काकांची केस मी बघितलेली नाही, पण आठवड्याच्या अंतराने दोन म्हणजे बहुधा खोकल्यातून रक्त, धाप, छातीत दुखणं हे कमी करायला दिलेले असणार. त्या कामाला दोन शेक आणि दहा शेक जवळपास सारखेच उपयोगी पडतात, मग थकलेल्या माणसाला दहा वेळा का फिरवायचं? त्यांच्यावर कोणी कंजूषी केली असं कृपा करून त्यांच्या घरी बोलू नका.

प्रश्न : आईला फुप्फुसाचा स्मॉल सेल प्रकारचा कॅन्सर आहे, छातीपुरताच. दिवसातून दोनदा शेक सांगितलेत, तीन आठवडे. फोंड्याहून रोज कसं करायचं? एकदाच घेतले तर? – एक वाचक, फोंडा

उत्तर : एकदाचा पर्याय आहे, पण त्यात डोस वाढवावा लागतो. दोनदावाले 30 शेक, 45 ग्रे. तेच 45 ग्रे रोज एकदा देऊन पाच आठवडे घेतले तेव्हा पाच वर्षांनी 16 टक्के जिवंत होते, दोनदावाल्यांत 26. नंतर 2017 च्या ट्रायलमध्ये रोज एकदा, 33 शेकांत 66 ग्रे दिले, तेव्हा फरक फारसा राहिला नाही. म्हणून बांबोळीजवळ कोणा नातेवाईकांकडे तीन आठवडे सोय होत असेल तर दोनदाच घ्या, अजिबातच जमत नसेल तर 66 चं डॉक्टरांशी बोला. गिळताना दुखेल, पेज आणि मऊ भात, तिखट बंद, आणि दुखायला लागल्याच्या दिवशीच औषध मागून घ्या.