स्वप्नात जागं राहायच्या नादात

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे. मला सारखं कोणीतरी मागे लागलंय असं वाईट स्वप्न पडायचं म्हणून दोन महिन्यांपूर्वी ल्युसिड ड्रीमिंग शिकायला लागले, म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे हे कळणं. पहाटे साडेचारचा अलार्म लावून उठते, अर्धा तास जागी राहून परत झोपते आणि दिवसभर बोटं मोजून मी जागी आहे ना ते बघते. तीन-चारदा जमलं, एकदा तर उडाले पण! पण आता दिवसाही सगळं खोटं खोटं वाटतं, आई बोलत असते आणि मला वाटतं हे खरंच चाललंय का. दोनदा जाग आली तेव्हा अंगच हलेना, खूप घाबरले. मला वेड लागतंय का?

उत्तर : नाही गं, हे खरं आहे का असा प्रश्न तुला पडतोय आणि त्याची भीती वाटतेय म्हणजे भान शाबूत आहे. पण सराव आजच बंद कर, अलार्म पण आणि बोटं मोजणं पण.

अशी स्वप्नं थोतांड नाहीत, १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून खूण केली होती. आणि आपोआप पडली तर त्यात काही वावगंही नाही, खूप जणांना आयुष्यात एकदा तरी पडतात. त्रास होतो तो मुद्दाम पाडायच्या खटाटोपाचा. २०१८ च्या एका अभ्यासात हेच दिसलं, नुसती स्वप्नं पडण्याचा मानसिक त्रासाशी संबंध नव्हता पण ती पाडायची तंत्रं वापरणाऱ्यांमध्ये दोन महिन्यांत तुटलेपणाची, म्हणजे स्वतःपासून किंवा भोवतालच्या जगापासून तुटल्यासारखं वाटण्याची, लक्षणं वाढली होती. मला तरी यात नवल वाटत नाही, दिवसातून वीस वेळा समोरच्या जगावर शंका घ्यायची सवय लावली की मन ती शंका बोटं न मोजताही घ्यायला लागतं.

त्यात स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, पहाटेच्या सुमारास सगळ्यात जास्त असते आणि तू नेमकी तीच मोडतेयस. त्या झोपेत स्नायू ढिले पडलेले असतात म्हणून आपण स्वप्नातलं पळणं अंथरुणात पळत नाही, मन आधी जागं झालं आणि शरीर मागे राहिलं की अंग हलत नाही. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, भयंकर वाटतं पण काही सेकंदांत, नाहीतर काही मिनिटांत सुटतं. झोप तुटक झाली की ते वाढतं.

आता मूळ दुखणं, ते मागे लागणारं स्वप्न. त्याला झोप मोडायची गरजच नाही. दिवसा ते स्वप्न लिहून काढ, शेवट तुला हवा तसा बदल आणि रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून तो नवा शेवट मनात बघ. इमेजरी रिहर्सल म्हणतात याला, वाईट स्वप्नांवर डॉक्टरही हीच पद्धत वापरतात. मात्र ते स्वप्न खरोखर घडलेल्या एखाद्या प्रसंगातून आलं असेल तर हे एकटीने करू नकोस, समुपदेशकाला सोबत घे.

दोन-तीन आठवडे सलग झोपूनही खोटं वाटणं गेलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट, आणि नसलेले आवाज ऐकू यायला लागले किंवा रात्र रात्र झोपच येईना तर तेवढं पण थांबू नकोस, लगेच जा. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर हा मानसिक आजार असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांग आणि या सरावाकडे परत वळू नकोस. आणि आईला हे सगळं आज रात्रीच सांग.