तापलेलं लोखंड आणि तापलेला तवा

एका वाचक ताईंचा प्रश्न: "ऑफिसच्या मेलमध्ये 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट', 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' आणि 'विंडो ऑफ ऑपॉर्च्युनिटी' हे तिन्ही सर्रास दिसतात. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि पहिल्याचं मराठी आमच्या कंपनीच्या पत्रकात 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेऊ या' असं केलं तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पत्रक छापायला गेलं असेल तर पंचाईत व्हायची. ताई, तसं करू नका. दोन्हीकडे काहीतरी तापलेलं आहे एवढ्यावरून शब्दकोशवाले या दोघांना शेजारी बसवतात. पण तापवलं कोणी, ते बघा. पोळी भाजून घेणाऱ्याने तवा तापवलेला नसतो. चूल दुसऱ्याची, सरपणही दुसऱ्याचं. हा फक्त पीठ घेऊन आलेला असतो. गावात पाण्यावरून लोक खवळले, मोर्चा निघाला, आणि ज्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता त्या पुढाऱ्याने पुढे घुसून तिकीट पक्कं करून घेतलं, की आपण हा वाक्प्रचार वापरतो. त्यात कौतुक नसतं. पत्रकात तो छापलात तर कंपनीनेच स्वतःला आपमतलबी म्हणवून घेतलं, असं होईल.

पहिल्या इंग्रजी म्हणीतल्या लोहाराचं तसं नाही. भाता मारून कोळसे त्यानेच फुलवलेले असतात. लोखंड केशरी झालं की सांडशीत धरून ऐरणीवर घ्यायचं आणि तो रंग उतरायच्या आत जे वाकवायचं, चपटं करायचं ते उरकायचं. रंग काळपटला की घण घालून हात दुखतात, लोखंड ऐकत नाही. पुन्हा भट्टीत घालावं लागतं. म्हणून इंग्रजी म्हणीत लबाडीचा वास नाही, आपल्याच कष्टाची ऊब वाया जाऊ न देण्याची लगबग आहे. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या लिखाणातही ती सापडते. कामाच्या जागी ती नेमकी कुठे बसते? गुरुवारी डेमो झाला, क्लायंटने आपणहून दर विचारले, तर शुक्रवारी कोटेशन गेलंच पाहिजे, अशा ठिकाणी. उत्साह ताजा आहे आणि दोन-चार दिवसांत विझणार आहे, हे दोन्ही त्यात गृहीत असतं.

जाता जाता एक गंमत. संधी घेणाऱ्याकडे तिरकं बघायची मराठीला खोडच आहे. 'संधी साधली' ठीक, पण तोच माणूस 'संधिसाधू' झाला की शिवी. वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा, वारा येईल तशी पाठ देणारा, सगळे एकाच पंगतीतले. 'ऑपॉर्च्युनिस्ट' ही इंग्रजीतली शिवीच आहे, पण 'ऑपॉर्च्यून' या शब्दाचं मूळ अगदी निर्मळ आहे. लॅटिनमध्ये तो बंदराकडे वाहणारा वारा होता. रोमन खलाशाला त्या वाऱ्याने घरी नेलं. आमच्या म्हणीतल्या माणसाने त्याला पाठ दिली.

मग मराठीत चांगल्या अर्थाने काय म्हणायचं? शेतीकडे वळावं. वाफसा! पाऊस पडून गेल्यावर माती ना चिखल ना कोरडी, मुठीत दाबली तर गोळा होते आणि बोटाने टोकरली की भुसभुशीत सुटते, ती अवस्था. वाफसा आला की पेरायचं. आधी पेरलं तर पेरणीचं अवजार, म्हणजे पाभर, चिखलात रुतते, उशीर केला तर ओल उडून जाते. काही भागांत यालाच 'घात' म्हणतात, आणि पेरणीची घात साधली की घरात समाधान असतं. ही 'ती घात' आहे बरं का. 'तो घात' झाला तर पोलिसांना बोलवावं लागेल. पत्रक वाचणारे शहरातच वाढलेले असतील तर सरळ 'विषय ताजा आहे तोवर पाऊल टाकू या' असं लिहावं. काही बिघडत नाही.

आता पहिला प्रश्न. तिन्हींचा अर्थ एक नाही. फरक वेळेच्या मापाचा आहे. 'मेक हे' म्हणजे गवत कापून, उन्हात पसरून, उलटंपालटं करून वाळवणं. हे काम दिवसांचं, क्षणाचं नव्हे, आणि इंग्लंडच्या लहरी पावसात सलग चार दिवस ऊन मिळणं हेच भाग्य. १५४६ मध्ये छापलेल्या जॉन हेवूड यांच्या म्हणींच्या संग्रहात ती आहे. बाजार तेजीत आहे, ऑर्डरी येतायत, तोवर गाठीला बांधा, असं सांगायचं असेल तर ही वापरा. एका मीटिंगनंतरच्या घाईला ती शोभत नाही.

'विंडो' मात्र सगळ्यात काटेकोर, कारण तिला दोन कडा आहेत. अंतराळवाल्यांच्या 'लाँच विंडो'ने, म्हणजे यान सोडायच्या ठरावीक मुदतीने, या शब्दाला बळ दिलं. मंगळयानाचं उदाहरण घ्या. पृथ्वी आणि मंगळ अशा प्रवासाला सोयीच्या स्थितीत साधारण २६ महिन्यांनी येतात. उड्डाण आधी २८ ऑक्टोबर २०१३ ला ठरलं होतं. पण यानाचा माग ठेवणारं जहाज खराब हवामानामुळे प्रशांत महासागरातल्या आपल्या जागी वेळेत पोहोचेना. इस्रोने तारीख पुढे ढकलली आणि ५ नोव्हेंबरला यान सोडलं. खिडकी १९ नोव्हेंबरपर्यंत उघडी होती, म्हणून ढकलता आलं. ती हुकली असती तर दोन वर्षांवर गेलं असतं. म्हणजे 'विंडो' म्हटलं की थोडं पुढे-मागे चालतं, पण कडेपलीकडे काही नाही. मार्चअखेर बजेट गोठण्याआधीचे पंधरा दिवस ही विंडो. 'ग्राहक खूश आहे' ही विंडो नव्हे, ते तापलेलं लोखंड. वर्तमानपत्रातली 'संधीची खिडकी' मला रुचत नाही. 'तोवर वाव आहे' किंवा 'तेवढीच मुदत आहे' यात सगळं येतं.

'लो-हँगिंग फ्रूट' या घोळक्यात आणू नका. ते सोप्या कामाबद्दल आहे, वेळेबद्दल नाही.

हुकलेल्या संधीचे शब्द तेवढे जपून वापरा. 'यू मिस्ड द बोट' यात समोरच्याचा दोष आहे. 'दॅट शिप हॅज सेल्ड' यात दोष कोणाचाच नाही, विषय संपला एवढंच. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी ४ एप्रिल १९४० ला जाहीर भाषणात सांगून टाकलं की हिटलरची बस चुकली. ९ एप्रिलला जर्मन फौजा डेन्मार्क आणि नॉर्वेत शिरल्या, आणि १० मेला चेंबरलेन यांनाच पद सोडावं लागलं. बस कोणाची चुकली, हे लोकांनी त्यांना पुढे बरंच ऐकवलं.

वरिष्ठांना मेल लिहिताना यातलं काहीही आज्ञार्थात लिहू नका. 'स्ट्राइक व्हाइल...' साहेबांना लिहिलंत तर तुम्हीच त्यांना कामाला लावल्यासारखं वाटेल. 'या आठवड्यात कोटेशन पाठवलेलं बरं, असं वाटतं' हे साधं वाक्य इंग्रजीत लिहा, जपानी किंवा जर्मन क्लायंटलाही ते पहिल्या वाचनात कळेल.