वाचकांचे प्रश्न : दुचाकी, रस्ता आणि कायदा

प्रश्न : महिन्याभरापूर्वी रात्रपाळीहून परतताना माझ्या भावाची मोटारसायकल पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळली आणि त्याच्या खांद्याचे हाड मोडले. पोलिसांच्या कागदावर ‘वाहनावरील ताबा सुटून पडल्याने’ एवढाच उल्लेख आहे. नगरपालिकेकडे भरपाई मागता येईल का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : मागता येईल. खड्ड्यांविषयी २०१३ पासून चाललेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश दिला. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी व्यक्तीला दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, हा त्यामागचा विचार. दाव्याचा निर्णय घेणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. त्यामुळे नगरपालिकेत दाद लागत नसेल तर त्या प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा. ही रक्कम अन्य कायदेशीर उपायांच्या व्यतिरिक्त आहे आणि ती जबाबदार अधिकाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून वसूल करण्याची तरतूदही आदेशात आहे.

आपली खरी अडचण मात्र कागदावरच्या त्या एका वाक्याची आहे. ‘ताबा सुटला’ असे लिहिले की दोष आपोआप चालकाच्या माथी बसतो. ताबा कशामुळे सुटला, हे पंचनाम्यात यायला हवे होते: खड्ड्याची लांबी-रुंदी, अंदाजे खोली, त्यात पाणी होते का, दिवे चालू होते का, जवळ इशाऱ्याचा फलक किंवा बॅरिकेड होते का. अजूनही वेळ गेलेली नाही. त्या जागेची छायाचित्रे काढावीत, चित्रात मोजमापाची पट्टी आणि ओळखू येईल असे दुकान किंवा विजेचा खांब यावा; रुग्णालयात दाखल होतानाच्या नोंदीची प्रत घ्यावी आणि पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब नोंदवण्याची लेखी मागणी करून त्या अर्जावर पोच घ्यावी. हे सगळे लगेच करावे, कारण तक्रार पोहोचताच खड्ड्यात मुरूम पडतो आणि पुरावाच बुजतो.

रस्ता नगरपालिकेचा आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, याची आधी खात्री करून घ्यावी. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो. आणखी एक : मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९८अ या कलमानुसार, रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भावाला कायमचे अपंगत्व आले असेल तर त्याचाही उल्लेख अर्जात करावा. गाडी त्याच्याच नावावर असेल तर विम्यातील मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही तपासावे. ते मृत्यू आणि कायमस्वरूपी अपंगत्वापुरते असते, पण अनेक घरांत ते आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

प्रश्न : आमच्या गावाच्या वेशीवर लोकांनी स्वतःच सिमेंटचे चार गतिरोधक घातले आहेत. विरोध केला तर ‘तुम्हाला मुलांच्या जिवाची पर्वा नाही’ असे ऐकावे लागते. (एक वाचिका, सातारा जिल्हा)

उत्तर : मुलांच्या जिवाची पर्वा असेल तर गतिरोधक नियमाप्रमाणे घाला, असे उत्तर द्यावे. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे चाक त्यावर हळूहळू चढते आणि तसेच उतरते. त्यावर पट्टे रंगवलेले असावेत आणि ४० मीटर अलीकडे इशाऱ्याचा फलक असावा. मी अशाच एका वेशीवर टेप लावून पाहिले तेव्हा उंची तब्बल १५ सेंटिमीटर भरली, पण लांबी हातभरच होती. त्याला गतिरोधक नव्हे, उंबरठा म्हणावे. मोटारीत बसणाऱ्याला तेथे धक्का बसतो, दुचाकीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई मात्र खाली पडते. आपण ग्रामसभेत लेखी ठराव मांडावा आणि रस्ता ज्या विभागाचा आहे त्याच्याकडून मापाप्रमाणे बांधणी करून घ्यावी. उपटून टाकण्याची मागणी केली तर वाद वाढेल.

प्रश्न : अटल सेतू, सागरी सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सगळीकडे दुचाकीला बंदी. कर आम्हीही भरतो, मग हा भेदभाव नाही का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : सार्वजनिक सुरक्षा किंवा सोयीसाठी विशिष्ट वाहनांना विशिष्ट रस्त्यावर मनाई करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने शासनाला दिला आहे, म्हणून निव्वळ भेदभावाचा मुद्दा टिकणे कठीण आहे. द्रुतगती मार्गावरील बंदी मला स्वतःला पटते, कारण तेथील वेगातला फरक जीवघेणा आहे आणि जुना महामार्ग उपलब्ध आहे. मुंबईतल्या जे. जे. उड्डाणपुलावरील बंदीचे तसे नाही. २०१० पासून दुचाकीस्वाराला तेथे पुलाखालच्या गजबजलेल्या मोहम्मद अली रोडने जावे लागते, आणि तो रस्ता अधिक सुरक्षित कसा, हे आकडे मांडून कोणी तरी दाखवावे. बंदी उठवा असे म्हणण्यापेक्षा, बंदीमागचा अपघातांचा अभ्यास माहिती अधिकारात मागावा. अभ्यासच नसेल तर तुमच्या निवेदनाला तेवढा एक मुद्दा पुरे. टोलबद्दल आपण पत्रात शंका घेतली आहे : राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही. जून २०२५ मध्ये उठलेली अफवा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी लगेच फेटाळली होती.

प्रश्न : दुचाकीस्वारांच्या हक्कांसाठी आम्ही मित्रांनी गट स्थापन केला आहे. हेल्मेटसक्तीला विरोध हा आमच्या मागण्यांत घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घेऊ नये. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. या आकड्यांसमोर ‘मान दुखते’ हे कारण उभे राहत नाही. पुण्यात हा विरोध जुना आहे आणि त्याने प्रत्येक वेळी खड्ड्यांचा व अंधाऱ्या चौकांचा प्रश्न मागे ढकलला, असे माझे निरीक्षण आहे. मागण्या वेगळ्या असाव्यात : केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नवी दुचाकी घेताना प्रमाणित हेल्मेट मिळायला हवे, ते सरसकट मिळते का हे तपासावे, पदपथावर आयएसआयची खोटी खूण लावून विकल्या जाणाऱ्या टोप्यांवर कारवाई मागावी, सरकारी कार्यालये व बाजारपेठांतील वाहनतळांवर हेल्मेट ठेवण्याची कुलूपबंद सोय मागावी. शेवटची मागणी किरकोळ वाटेल, पण मंडईत पिशव्या सांभाळत हेल्मेट मिरवणाऱ्या आजींना विचारून पाहा.