'दाईने प्रसूती केली': बरोबर की चूक?

प्रश्न असा: 'दाईने महिलेची प्रसूती केली' अशी बातमी वाचली. दाई आणि सुईण एकच का? आणि प्रसूती 'करतात' की ती 'होते'?

आधी दुसरा भाग घेतो, खरी गंमत तिथे आहे. आपल्या बोलण्यात बाई बाळंत होते आणि सुईण तिचं बाळंतपण करते. कोण काय करतंय याचा घोळच नाही. शिवाय लेकीचं बाळंतपण आईही करते. त्यात शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊमाखू घालणं असा सव्वा महिन्याचा व्याप येतो. बातमीला एवढा पसारा परवडत नाही. तिला एक घटका पुरते, म्हणून 'प्रसूती'. 'प्रसूती केली' व्याकरणात बसतं, पण 'शस्त्रक्रिया केली'च्या चालीवर. कळा सोसणारी बाई त्यात नुसती पडून राहते. पुढच्याच ओळीत ती 'गोंडस बाळाला जन्म' देते. (नुकतं जन्मलेलं बाळ ज्यांनी पाहिलंय त्यांनी 'गोंडस'बद्दल प्रामाणिकपणे सांगावं. चिकट, सुरकुतलेलं, कधीकधी डोकं लांबुळकं झालेलं!)

आता दाई-सुईण. सुईण ही 'सू' म्हणजे जन्म देणे या धातूच्या गोतातली. प्रसूती, सूतिका तिच्याच भावकीतल्या. दाई फारसीतून आली, आणि तिथे तिचा अर्थ दूध पाजणारी, मूल सांभाळणारी. मेवाडच्या राजपुत्राला, उदयसिंहाला, सांभाळणारी पन्ना दाई ती त्या अर्थाने. मराठीत आज दोघींचं काम एकच मानतात, पण माध्यमांनी वाटणी केलेली दिसते. सुईण ऐतिहासिक मालिकेत, 'गरम पाणी आणा' म्हणायला. दाई मेळघाट-गडचिरोलीच्या बातमीत, तीही बहुधा काही विपरीत घडल्यावर.

राहिली ती दवाखान्यात रात्रभर बाईच्या उशाशी असणारी. तिला बातमी 'नर्स' म्हणून मोकळी होते. खरं तर ए.एन.एम. म्हणजे साहाय्यक परिचारिका प्रसाविका. शब्द पदनामातच आहे. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात परिचारिकांसाठी १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण आहे. तिला 'आधुनिक सुईण' म्हणण्यापेक्षा सरळ प्रसाविका लिहावं. परंपरेने शिकलेली ती सुईण, आणि ज्या भागात लोक दाई म्हणतात तिथे दाई. बातमीत 'दाईने बाळंतपण केलं' एवढं पुरे.